शुक्रवारच्या माशाचा तपासणी अहवाल

पंडितराव वानखेडे यांनी आयुष्याची चौतीस वर्षं लोकांच्या खाण्यातलं तेल, तूप आणि पाणी मोजण्यात घालवली. नागपूरच्या सरकारी अन्न तपासणी प्रयोगशाळेत ते विश्लेषक होते. दुधात पाणी किती, तुपात डालडा किती, तिखटात विटेचा भुगा आहे की नाही, हे सांगणाऱ्या कागदावर शेवटची सही त्यांची असे. एका मिठाईवाल्याने एकदा घरी दोन किलो पेढे पाठवले, तर या गृहस्थांनी त्यातले चार प्रयोगशाळेत नेऊन तपासले. खव्यात स्टार्च निघाला. तसा शेरा मारून त्यांनी उरलेला डबा मिठाईवाल्याला परत पाठवला, आणि चार पेढे कमी का, याचा खुलासाही सोबत जोडला.

असा माणूस घरी ताटावर बसला की काय होत असेल याची कल्पना करा. दर शनिवारी त्यांच्या पत्नी मीराताई तांदळाचं पीठ लावून रोहूचे तुकडे तळायच्या आणि पंडितराव कढईत डोकावून, तेल किती उरलं ते बघायचे. "तुम्ही जेवता की पंचनामा करता?" असं त्या विचारायच्या. हा प्रश्न त्यांनी छत्तीस वर्षं विचारला आणि तीन वर्षांपूर्वी, उत्तर न घेताच त्या गेल्या.

मग उपासनाने, एकुलत्या एका लेकीने, बाबांना अमेरिकेत, कॅरी गावी आणलं. ती रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये एका औषध कंपनीत क्वालिटीचं काम बघते. म्हणजे बापाचाच धंदा, फक्त वातानुकूलित. जावई प्रितम भला माणूस, सकाळी हेडफोन लावतो तो संध्याकाळी काढतो. घर मोठं, स्वच्छ आणि दिवसभर रिकामं. पंडितरावांना गाडी चालवता येत नाही आणि कॅरीत गाडी न येणाऱ्या माणसाला कुठेही जाता येत नाही. कॉलनीतला फूटपाथ तीन बाजूंना थोडा चालतो आणि मग कोणालाही न सांगता संपतो. चौथ्या बाजूला मात्र तो सव्वा मैल टिकतो आणि एका जुन्या, विटांच्या चर्चपाशी पोचतो.

हा शोध त्यांना नाकाने लागला. मार्चमधल्या एका शुक्रवारी फिरायला निघाले, तर तळलेल्या माशाचा वास थेट समोरून आला. चर्चच्या मागच्या अंगणात, दर शुक्रवारच्या मासेविक्रीसाठी, गॅसच्या शेगडीवर हे भलंमोठं पातेलं, त्यात शेंगदाण्याचं तेल, आणि समोर कर्टिस नावाचा सत्तरीतला कृष्णवर्णीय गृहस्थ लांब झारा घेऊन उभा. मैदा, मक्याचं पीठ आणि ताक यांच्या दाट पिठात मासा बुडवायचा, थेट तेलात सोडायचा, सोनेरी झाला की काढायचा. एका प्लेटमध्ये माशाचे दोन मोठे तुकडे, कोबीची कोशिंबीर आणि पांढऱ्या ब्रेडची एक स्लाइस. पंडितरावांनी पहिला घास घेतला आणि चौतीस वर्षांत प्रथमच एखादा पदार्थ न मोजता संपवला.

पण खरं सांगायचं तर मासा हे निम्मंच कारण. कर्टिस टपाल खात्यातून निवृत्त झालेला, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. "कसे आहात, मिस्टर पंडित?" असं तो विचारायचा आणि झारा हातात धरून उत्तरासाठी थांबायचा. अमेरिकेत "कसे आहात" सगळेच विचारतात, पण थांबणारा हा एकटाच. आठवडाभर पंडितराव त्या प्रश्नाची उत्तरं मनात जमवत. हे त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याला करमत नाही हे लेकीला कळू द्यायचं नव्हतं.

जूनमध्ये रक्त तपासलं आणि वाईट कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्ट निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तळलेलं काही खाता का? दुसरा कोणी असता तर "कधीतरी" म्हणून सुटला असता. पंडितरावांनी तेरा शुक्रवारांच्या तारखा सांगितल्या. शेजारी बसलेल्या उपासनाला हे सगळं नवीन होतं. घरी आल्यावर तिने फोनमधलं ॲप उघडून बाबांसमोर धरलं.

"हे बघा बाबा. फिश, बॅटर्ड अँड फ्राइड, दोन पीसेस. अडतीस ग्रॅम फॅट. डायटिशियनने एका मीलला तीस लिहून दिलेत. फ्रायडे बंद."

"हा आकडा कोणत्या माशाचा?"

"म्हणजे?"

"नमुना कोणी घेतला, कुठून घेतला, कोणी तपासला?"

"अहो, ॲव्हरेज असतो तो."

"ॲव्हरेज मासा मी खात नाही बेटा. मी कर्टिसचा मासा खातो. कोणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून खरं मानू नका, स्वतः तपासून घ्या, हे आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. त्यात या ॲपला सूट दिलेली नाही."

शेवटी ठराव झाला. बाबांनी स्वतः मासा तपासायचा. तीस ग्रॅम किंवा कमी भरलं तर शुक्रवार चालू, जास्त भरलं तर कायमचा बंद. उपासना लगेच कबूल झाली. बाबा खोटा आकडा लिहिणार नाहीत हे तिला माहीत होतं, आणि मासा तळलेला आहे हेही माहीत होतं.

आता इथे पंडितरावांच्या हातून जी चूक झाली ती फक्त सरकारी विश्लेषकाच्याच हातून होऊ शकते. साधा माणूस दोन तुकडे जास्तीचे घेऊन आला असता. पण नमुना घ्यायचा म्हणजे रीतसर घ्यायचा. त्याचे भाग करायचे, पिशव्यांत भरायचे, सुतळी बांधून लाखेचं सील लावायचं, विकणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. एक भाग तपासायला, बाकीचे अपिलासाठी राखून. निकाल मान्य नसेल तर राखलेला नमुना वरच्या प्रयोगशाळेत जातो आणि तिचा शब्द अखेरचा. पंडितरावांनी प्रितमच्या प्रिंटरवर तीन प्रतींत फॉर्म छापले, लाख मिळेना म्हणून लाल मेणबत्ती घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली, आणि गळ्यात सामान तोलायचा काटा अडकवला. भारतात जाताना बॅगा तेवीस किलोंच्या आत बसवायला प्रत्येक घरात असतो, तोच हुकवाला काटा.

शुक्रवारी सकाळी दहालाच जाऊन त्यांनी तेलाचे डबे काट्याला टांगून तोलले. कर्टिस मिठाच्या शोधात आत गेला होता, त्यामुळे त्याने काही पाहिलं नाही. बारा वाजता रांग ऐन भरात असताना पंडितराव पुढे झाले, तिकिटं फाडणाऱ्या बाईंच्या टेबलावर त्यांनी फॉर्म ठेवला, मेणबत्ती पेटवली आणि आपल्या सरकारी इंग्रजीत म्हणाले, "सँपल इज बीइंग ड्रॉन. काइंडली साइन इन प्रेझेन्स ऑफ विटनेस."

बाईंचं धाबं दणाणलं. गेले तीन महिने गुपचूप येऊन मासे खाणारा, कोणाशी फार न बोलणारा, प्रत्येक घास निरखून बघणारा हा माणूस काऊंटीचा हेल्थ इन्स्पेक्टर आहे, हे त्यांना एका क्षणात उमगलं. त्या उठल्या आणि आत धावल्या. दोन मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यांवर जाळ्या आणि हातांत मोजे चढले. कोणीतरी बटाट्याच्या सॅलडचं पातेलं उचलून गाडीच्या डिकीत लपवलं, ते का हे आजतागायत कळलेलं नाही. पास्टर भिंतीवरचं परमिट फ्रेमसकट काढून घेऊन आले. रांगेतले निम्मे लोक, जागा सील होताना आपण आत नको म्हणून, पसार झाले. पंडितराव मेणबत्ती धरून साक्षीदार शोधत होते आणि प्रत्येकजण त्यांच्या नजरेला नजर न देता मागे सरकत होता.

एकटा कर्टिस जागेवरून हलला नाही. सगळा प्रकार ऐकल्यावर तो झारा खाली ठेवून इतका हसला, की खुर्चीवर बसावं लागलं. तिकिटांच्या बाई मात्र हसल्या नाहीत. तळून ठेवलेल्या तेवीस प्लेटा तशाच उरल्या होत्या. पंडितरावांना फार लाज वाटली. आपण इथे पाहुणे, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरी पोलीस आणल्यासारखं झालं.

"लोक तर पळवलेत," कर्टिस म्हणाला. "आता निदान काम तरी पुरं करा."

कर्टिसच्या सहीने नमुन्याच्या पिशव्या सील झाल्या, आणि तेल निवेपर्यंत दोघं घडीच्या खुर्च्यांवर बसून राहिले. कर्टिसने बायकोच्या पीच पायची कृती सांगितली, पंडितरावांनी मीराताईंच्या रोहूची. मग हुकाच्या काट्याला डबे टांगून उरलेलं तेल तोललं. दोन किलो आठशे ग्रॅम नाहीसं झालं होतं. त्यातलं दीडशे ग्रॅम तळलेल्या माशाखालच्या कागदाने प्यायलेलं. बाकीचं साठ प्लेटांतल्या माशात गेलं, दुसरीकडे जायला वाट नाही. पंडितरावांनी तिथेच फॉर्मच्या पाठीमागच्या बाजूला भागाकार केला. मग पुन्हा केला.

प्लेटीला चव्वेचाळीस ग्रॅम.

ॲपपेक्षा सहा जास्त. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन त्यांनी एका तुकड्याचं पीठ सोलून वेगळं केलं आणि किचनच्या काट्यावर तोललं. आतला पांढरा मासा अगदी निरपराध होता, त्याची स्वतःची चरबी दोन ग्रॅमसुद्धा भरली नसती. सगळा गुन्हा बाहेरच्या अंगरख्याचा. पण खाताना कोणी अंगरखा काढून खात नाही. पंडितरावांनी अहवाल लिहिला, "नमुना मर्यादेबाहेर" असा अभिप्राय दिला, सही केली आणि दोन्ही हातांनी लेकीला दिला. तिने वाचला, घडी घातली आणि नुसतं "ठीक आहे बाबा" म्हणाली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

अपिलाचा नमुना, लाल मेणाच्या सीलसकट, फ्रिजच्या दुसऱ्या फळीवर ठेवला होता. शनिवारी सकाळी बघतात तर सुतळी कापलेली आणि पिशवी रिकामी. संशय अर्थातच जावयावर गेला.

"बाबा, मी कशाला खाऊ? मी चिकनवाला माणूस," प्रितम हेडफोन काढून म्हणाला. त्याने हेडफोन काढला यावरून पंडितरावांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. उपासना कॉफी करत होती, तिने मान वर केली नाही.

पुढच्या शुक्रवारी ते मासा खायला गेले नाहीत, अहवालाची प्रत द्यायला गेले. निकालाची प्रत विकणाऱ्याला द्यावी लागते. शिवाय आता आपण येणार नाही, हेही त्याला सांगायला हवं होतं. कर्टिसने चष्मा लावून कागद वाचला.

"चव्वेचाळीस. माझ्या आजीची पद्धत आहे ही."

"आजीबद्दल आदर आहे," पंडितराव म्हणाले.

"पण इतकं तेल का पितो हा?"

असा प्रश्न पंडितरावांना निवृत्त झाल्यापासून कोणी विचारला नव्हता. ते उभे राहिले. तेल चांगलं तापलेलं असलं, त्यांनी सांगितलं, की पिठातल्या पाण्याची वाफ जोरात बाहेर पडते आणि तेलाला आत शिरू देत नाही. तुम्ही एका वेळी बारा तुकडे टाकता. तेल थंड पडतं, वाफेचा जोर जातो आणि तेल आरामात आत जाऊन बसतं. सहा टाका, तापमान बघा, जादा पीठ काठावर निपटा आणि तळलेला मासा कागदावर रचण्याऐवजी जाळीवर उभा करा.

कर्टिसने थोडा वेळ पातेल्याकडे पाहिलं. मग आत जाऊन एक थर्मामीटर आणि एक ॲप्रन आणला, आणि ॲप्रन पंडितरावांच्या गळ्यात घातला.

शब्द मासा न खाण्याचा होता, मासा न तळण्याचा नव्हता. तीन शुक्रवार पंडितराव पातेल्याशी उभे राहिले. आकडा खाली आला की हात वर करायचा, कर्टिसने थांबायचं, आकडा चढला की मान हलवायची. मासा इतका कुरकुरीत होऊ लागला की रांग रस्त्यापर्यंत गेली. तिकिटांच्या बाईंनी तर उलटीच गंगा वाहवली. "आमच्याकडे इन्स्पेक्टर स्वतः उभा असतो," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगू लागल्या, आणि पंडितरावांनी ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला की त्यांना गप्प बसवू लागल्या. आणि हा इन्स्पेक्टर दुपारी झाडाखाली बसून डब्यातली भाकरी आणि वांग्याची भाजी खायचा. समोर कर्टिस मासा खायचा. एकदा त्याने आपल्या प्लेटीतला तुकडा पुढे केला. पंडितराव नको म्हणाले, पण तो तुकडा परत प्लेटीत जाईपर्यंत त्यांची नजर त्याच्यावर होती.

पद्धत बदलली म्हणजे नमुना नवा, म्हणून चौथ्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा डबे तोलले. दोन किलो गेलेलं, त्यातलं दीडशे ग्रॅम जाळीखालच्या ताटात गळलेलं. साठ प्लेटा. भागाकार तीस पूर्णांक त्र्याऐंशी, म्हणजे रीतीप्रमाणे एकतीस.

"तीस लिहा," कर्टिस म्हणाला. "एक ग्रॅम म्हणजे काय? कोणाला कळणार आहे?"

पंडितरावांनी त्याला पेढ्यांची गोष्ट सांगितली. कर्टिसने ती शेवटपर्यंत ऐकली आणि निघताना त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. सव्वा मैल परत येताना पंडितरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस ग्रॅम ही अट त्यांनीच मान्य केली होती, काटा त्यांचा, भागाकार त्यांचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता ॲप्रन घालून उभं राहायचं आणि मासा फक्त बघायचा, हे जन्मभर जमणार नाही हे त्यांना कळून चुकलं. जायचंच बंद करावं लागेल.

संध्याकाळी त्यांनी दुसरा अहवाल उपासनाच्या हातात दिला. एकतीस ग्रॅम. नमुना मर्यादेबाहेर. ती डायनिंग टेबलाशी बसून वाचत राहिली.

"बाबा, प्लस-मायनस कुठे आहे?"

पंडितराव खिशातली पेनं सारखी करू लागले.

"मी लहानपणी तापाचा आकडा सांगितला तरी विचारायचात, प्लस-मायनस किती. त्याशिवाय आकडा म्हणजे नुसतं मत, असं म्हणायचात. मग हा का नाही लिहिलात?"

"तो आरोपीच्या फायद्याचा असतो," पंडितराव म्हणाले. "इथे आरोपी मीच. स्वतःला संशयाचा फायदा स्वतः द्यायचा नसतो."

उपासना उठली, कपाटातून तो सामानाचा काटा काढून तिने उलटा केला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. "लीस्ट काउंट पन्नास ग्रॅम. आधी एकदा तोललंत, नंतर एकदा. म्हणजे दोन्ही मिळून शंभर इकडेतिकडे. भागिले साठ. प्लस-मायनस दोन धरा. एकोणतीससुद्धा असू शकतो."

"तेहेतीससुद्धा असू शकतो."

"पण शंका असेल तर फायदा नमुन्याला, हे तुमच्याच लॅबचं."

"ते ठरवायचा अधिकार अपिलाच्या प्रयोगशाळेला असतो बेटा. आणि अपिलाचा नमुना तर हरवला."

उपासनाने काटा टेबलावर ठेवला.

"हरवला नाही. मी खाल्ला."

"सील तोडून?"

"सुतळी कापून. कॉफी करायला फ्रिज उघडला आणि वास आला. एकच घास घेणार होते. थंडगार होता, तरी सगळे तुकडे उभ्यानेच संपवले. बाबा, अगदी आईचा शनिवार आठवला. ही भानगड माशाची नाहीच, हे मला तिथेच फ्रिजसमोर कळलं. तुम्ही का नाही सांगितलंत, की तिथे तुम्हाला बरं वाटतं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय चांगलं वाटतंय?"

उपासनाने नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्याच खिशातलं पेन काढून घेतलं. अहवालाच्या खाली तिने मराठीत लिहिलं, कारण त्याच भाषेत तिने बाबांचे अहवाल पहिल्यांदा वाचले होते. अपील मंजूर. ३१ ± २. नमुना पास. अट: पुढचं रक्त तपासेपर्यंत दोनऐवजी एकच तुकडा, जायचं आणि यायचं चालत. खाली तिने पूर्ण सही केली, बापासारखीच, आडनावाखाली दोन रेघा ओढून.

पंडितरावांनी चष्मा लावला. कागद एकदा वाचला, परत वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात म्हणून चष्मा काढून पुसला. मग त्यांनी तो कागद टेबलावरून लेकीकडे सरकवला.

"तारीख राहिली," ते म्हणाले. "तारखेशिवाय अहवाल चालत नाही."